मलेरियाची गोळी

— नाई नाई, रक्ताची पेटी उघडू नका बाई, मी काय म्हणून राह्यलो ते ऐका आधी. रंजीता नाई. नाई म्हणजे पानं तोडायले गेली असं नाई, नाई म्हणजे नाईच. मोहाच्या दिवसात गेली. आता तेंदूचे पानं सुरू झाले आणि तुमी आता आले. फोन? फोन लागत नोता म्हणता — कसा लागन? तिचा फोन तिच्याजवळच हाये, नाल्याच्या पलीकडं, मातीत. आमी गोंड लोक, आमच्यात जाणाऱ्याचं सामान त्याच्यासंग देते. लुगडं दिलं, लोटा दिला, फणी दिली, तो तडकलेल्या काचेचा फोन बी मायनं दिला, म्हणे तिचा होता, तिले लागन. आणि तुमी तिकडं चंद्रपुरात बसून लावून राह्यले, लावून राह्यले — जाऊ द्या. बसा. दगडावर नको, तो तापते, इथी परछीत बसा. मी पानाचे पुडके बांधता बांधता बोलतो, चालते ना? संध्याकाळपर्यंत फळीवर, पानाच्या खरेदीले, नेऊन द्या लागते, पान वाळलं की मुन्शी घेत नाई.

तुमी रडू नका. तुमी कायले रडता? तुमीच त होते ना, जिची नस सापडत नोती आणि रंजीता म्हणे, बाई, सावकाश शोधा, मले कुठी जायचं हाये? — हो, तुमीच. मले चेहरा आठवते. ती म्हणे त्या बाईचा हात हलका हाये. आता काय करान? वहीत तिच्या नावापुढं काट मारान आणि पुढच्या गावाले जान. ... काय? भावाबहिणीचं? एका मायच्या पोटचे म्हणजे — मी. मी एकटा. धनराज. लिहू नका जी, नाव सांगतलं, रक्त देतो असं कुठी म्हटलं? ही रक्तातली चरबी भावाबहिणीत असू शकते, ही बिमारी बी असू शकते, समजलं मले, डॉक्टरबाईनं सांगतलं होतं तवाच. लवकर सापडली त रोखता येते म्हणता. रंजीताची काय उशिरा सापडली होती? तीन वर्ष होती तुमच्याकडं. लवकर सापडून काय झालं, हे झालं की तीन वर्ष माहीत होतं. माहीत नसतं त तीन वर्ष चांगले गेले असते. मी चिडलो नाई. माझा आवाजच असा हाये.

सुरुवात बोटाईपासून झाली, माहीत हाये तुमाले? सकाळी उठली की बोटं वळत नाई. मंग गालावर लाल चट्टे, नाकाच्या इकून-तिकून, जसे दोन पंख. उन्हात गेली की जास्त. गावात काय म्हणे — आश्रमशाळेत शिकली, आता उन्हाले भिते, मडम झाली. बोलणाऱ्याचं काय जाते. आणि आमचा झाडू मामा, मायचा भाऊ, बैलबंडी हाकते, त्याचं तोंड बी बंडीवाणीच, एक बार उताराले लागलं की थांबत नाई — तो म्हणे, सांधे दुखते म्हणजे आतलं वंगण सुकलं. बंडीचा आख कुरकुरला त आपण काय करतो? वंगण देतो. पोरीले वंगण द्या. मायले पटलं. मले बी पटलं, खोटं कायले बोलू, मले बी पटलं. मोहाच्या बिया असते ना, टोळी, त्याचं तेल आमच्या घरचंच, हिवाळ्यात तुपावाणी जमते — ते भातावर, ते भाजीत, वरून गुडघ्याले बी तेच. मामा चरबी आणे. गावात कोणाच्या घरी पाहुणे आले, डुक्कर कापलं, की चरबीचा एक वाटा पानात बांधून आमच्याकडं. कोणी मागतलं नाई, लोक आपोआप पाठवे. सगळं गाव तिले वंगण देत होतं बाई. ती म्हणे, धन्या, मले आता बैल जुंपा, मी चालीन मस्त.

मंग चंद्रपूर. पहिल्यांदा गेलो तवा मूलच्या स्टँडवरून उभ्यानं गेलो बसमध्ये, तिचे पाय सुजले होते, एका कंडक्टरनं आपली जागा दिली तिले. रक्त घेतलं, नळी उभी ठेवली. आमी तिथीच बाकावर. थोड्या वेळानं तो लॅबवाला पोरगा नळी धरून आला आणि विचारते, काय खाऊन आली ही? मी पाहिलं त नळीत वरच्या बाजूले पांढरं. दूध. खाली रक्त आणि वर दुधाचा थर. मी त्याले म्हटलं, भाऊ, तुझी नळी धुतली नोती का? तो हसला. डॉक्टरबाईनं बोलावलं, म्हणे रक्तात चरबी हाये, खूप हाये. मी म्हटलं डॉक्टरबाई, दुसऱ्या कोणाचं रक्त असन, हिच्या अंगावर चरबी कुठी हाये, हिच्या बरगड्या दिसून राह्यल्या. त्या म्हणे अंगावरची वेगळी आणि रक्तातली वेगळी, वाळलेल्या माणसात बी राहते. आणि बिमारीचं नाव सांगतलं, ल्युपस. मी तीन बार म्हणवून घेतलं त्याईच्याकडून. नाव असं की जिभेवर बसतच नाई, घरी जाऊन मायले काय सांगू?

पण समजावलं त्याईनं चांगलं, ते खोटं नाई. म्हणे अंगात राखणदार असते, बाहेरचं काई आत आलं की मारते. हिच्या अंगातले राखणदार घरच्याच माणसाईले मारून राह्यले — सांध्याले, चामडीले, किडनीले. आणि ही चरबी त्याईले चेतवते. नसाईच्या आतून जाऊन बसते, राखणदार तिच्यामागं तिथी धावते, तिथी मारामारी, तिथी सूज, आणि सूज आली की चरबी अजून चिकटते. मी विचारलं, मंग पहिले कोण? चरबी होती म्हणून राखणदार पिसाळले, का राखणदार पिसाळले म्हणून चरबी वाढली? मी सातवी नापास, पण एवढं त विचारू शकतो ना? त्या म्हणे दोन्ही बाजूनं हाये, हे त्याले वाढवते, ते ह्याले वाढवते, सुरुवात कुठून झाली ते आमाले बी पक्कं सांगता येत नाई. आणि म्हणे एक चांगली चरबी बी असते, वाईटवाली उचलून बाहेर नेणारी — या बिमारीत ती बी बिघडते, ती बी राखणदाराईले चेतवायले लागते. तवा मले बरोबर समजलं. हे त आमच्या जंगलाचंच हाये. सागवान वाचवायले गार्ड ठेवला आणि तोच चोराईसंग लाकडाची गाडी भरून राह्यला. परत येताना बसमध्ये मी रंजीताले असंच सांगतलं. ती केवढ्यानं हसली, पुढच्या सीटवरचे लोक वळून पाहे. म्हणे, म्हणजे माझ्या अंगातले सगळेच गार्ड विकल्या गेले का रे धन्या?

तेल कमी करा सांगतलं होतं. केलं जी. मायशी भांडून केलं. माय म्हणे, वाळून चालली पोरगी आणि तू तिच्या ताटातलं तेल काढतं? झाडू मामा रुसला, महिनाभर आला नाई, म्हणे डॉक्टराईले बंडीचं काय समजते. पण एक सांगा मले. आमच्या आज्यानं जन्मभर तेच तेल खाल्लं, चरबी खाल्ली, पळसाच्या पानावर घेऊन बोटानं चाटून खाल्ली, आणि म्हातारा होऊन मेला, मरायच्या आदल्या दिवशी नाल्यावर आंघोळ करून आला. त्याले काऊन नाई झालं? सांगा ना. ... फक्त तेलानं होत नाई. बरं. मंग कायनं होते? ... नाई माहीत. हेच. तुमी लोक चांगले हाये, तुमी नाई माहीत त नाई माहीत म्हणता. पण आमी त्या नाई माहीतचं काय करू? ते काय उशाखाली घेऊन झोपू?

गोळ्या? हो, खाल्ल्या ना. बरोबर खाल्ल्या. रोज. चरबीची गोळी उरली होती, ती बी तिच्या सामानासंग गेली. आणि दुसरी — दुसरी उरली नाई. संपली. संपली म्हणजे खाऊनच संपली, अजून कशी संपते गोळी? तुमी माझ्याकडं असं पाहू नका. तुमी विचारलं, मी सांगतलं.

गेली कशी ते नाई विचारलं तुमी. सगळे विचारते. आमी मोह वेचत होतो. पहाटे पडलेलं फूल उन्हाच्या आधी वेचा लागते, ते तिले बी जमे — ऊन नाई ना तवा. टोपली घेऊन ती आमच्याच झाडाखाली बसली होती, बसून बसून वेचे. मायले म्हणे, दाढ दुखते. मंग म्हणे हात दुखते, डावा. कोणाले वाटन बाई? दाढ आणि हात, दोन्ही रोजचेच दुखणे. मंग तिले घाम सुटला, असा घाम की केस चिकटले कपाळाले, आणि अंग थंड. माय म्हणे, मलेरिया चढला. थंडी आणि घाम म्हणजे इथी मलेरियाच, बाई, इथी दुसरं काई असतच नाई. मी मोटरसायकल आणायले धावलो. आणली, तिले मधात बसवलं, मागून झाडू मामा धरून बसला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो त डॉक्टर म्हणे, रस्त्यातच गेली. मामाले माहीतच नोतं. तो तिले तसाच धरून होता, तिच्याशी बोलत होता सारखा, त्याले वाटे ती त्याचं ऐकून राह्यली.

हार्ट अटॅक. सव्वीस वर्षाच्या पोरीले. गावात कोणी मानलं नाई. म्हणे हार्ट अटॅक त शेठ लोकाईले येते, खुर्चीवर बसणाऱ्याईले, आपल्याले कुठून येईन? मी बी मानलं नसतं. पण मले त्या डॉक्टरबाईचं आठवलं, नसाईच्या आतली मारामारी. तिथीच झालं असन ना? तिथीच जाऊन बुजलं असन. ... हो म्हणा ना. मान हलवता फक्त.

तिच्या बोटाईनं त्रास दिला म्हणलो ना मी — शेवटी शेवटी फणी धरता येत नोती. माय त अंधारातच जंगलात जाये. मंग वेणी मी घालू लागलो तिची. हो, मी. तीन पेडाची, रिबिन लावून. पोट्टे चिडवे मले, धनराज आता कुंकू कधी लावतं म्हणे. मी एकाले मारलं बी त्याच्यावरून. पण हात बसला माझा. आता डोळे मिटून घालतो, रोज सकाळी बसून घालतो, इतकी सरळ घालतो की —

काय?

कोणाची म्हणजे. ... मी घालत होतो म्हटलं. होतो. मेलेल्याची वेणी कोण घालते, तुमी बी काई विचारता.

... बाई, तुमी त्या दोरीवरच्या रिबिनीकडं कायले पाहता? ओरडा पाहिजे त.

करिश्मा. लहान बहीण. झालं? ऐकलं? आश्रमशाळेत हाये, आता दहावीले जाईन, सुट्टी म्हणून घरी हाये, आता मायसंग पानं तोडायले गेली. हो, उन्हात. आमच्याकडं सावलीत उगवते का पान? लपवलं मी. लपवलं त लपवलं. रंजीता नाई म्हटलं आणि तुमी लगेच विचारलं, अजून कोण हाये — माणूस काय करन? पेटी पाहिली की मले ती नळीच दिसते. करिश्मा चांगली हाये. काई नाई तिले. बोटं सकाळी थोडे — थंडीचे दिवस होते तवापासून. थोडे. दुपारपर्यंत उघडते. गाल सगळ्याईचेच लाल होते या उन्हात, तुमचे बी झाले. तिचे तसेच हाये. तसेच. ... नाई, संध्याकाळी उतरत नाई. दोन आठवडे झाले उतरले नाई. मी रोज पाहतो. ती मले विचारते, दादा, काय पाहून राह्यला? मी म्हणतो, नाकाले माती लागली.

तिले बी समजते, बाई. ती येडी नाई. एक दिवस वेणी घालता घालता म्हणे, दादा, रंजीताताईची बी अशीच घाले का तू? मी म्हटलं, मान सरळ ठेव.

नाई. नाई देणार तिचं रक्त. तुमी कितीबी चांगलं बोला. काऊन म्हणजे — माझी मर्जी. मायची मर्जी. माय म्हणते पोरीचं रक्त नेऊन नेऊन पोरगी रिकामी केली या लोकाईनं. गाडी आली, नळ्या भरल्या, गाडी गेली. असं म्हणते ती सगळ्या गावात. म्हणून त तुमाले हातपंपाजवळ गाडी ठेवा म्हटलं आल्या आल्या. म्हणू द्या तिले. तुमचं काय जाते? तुमाले शिव्या देते ना, देऊ द्या. मी तुमच्या पाया पडतो, पण तिले तुमच्यावरच राग धरू द्या.

— काय म्हणलं तुमी? आता धरली त तीच गोळी रोखन? तीच गोळी?

तीच गोळी! तीच त गोळी, बाई! तुमाले मालूम हाये का ती गोळी कुठी गेली? रंजीताच्या पोटात नाई गेली. गावाच्या पोटात गेली. औषधाच्या दुकानात माय माझ्यासंग होती, तिनं विचारलं ही कायची गोळी हाये, त तो दुकानवाला सरळ मनानं म्हणे, मावशी, ही मलेरियात बी चालते. बस. तिथून ती मलेरियाची गोळी झाली. डॉक्टरबाईनं मले आत सांगतलं होतं, ही राखणदाराईले शांत ठेवते आणि रक्तातली चरबी बी थोडी उतरवते, दोन्ही काम करते, चरबीची एकवेळ चुकली त चालन, ही सोडायची नाई. मी मायले म्हटलं, ही रोजची हाये. माय म्हणे, हो. आणि मी गेलो मिरची तोडायले, सिरोंच्याच्या पलीकडं, गोदावरी पार, तेलंगणात. सगळेच जाते इथले, नाई गेलं त खायचं काय. इकडं ताप आला गावात. या पोराले ताप, त्या म्हातारीले ताप. माय काय करन? तिच्या घरात डबाभर मलेरियाची गोळी, आणि तिच्या पोरीले त ताप नाई. मंग? आमच्यात एकाच्या घरात शिकार आली की सगळ्याईच्या घरी वाटा जाते. चरबी आली ना आमच्या घरी? मागतली होती का आमी? मंग गोळी लपवून ठेवन का माय? कलाबाईच्या नातवाले दिली. सुकरीच्या सासूले दिली. रंजीता बी म्हणे, दे माय, मले कुठी ताप हाये, मले बरं वाटून राह्यलं, लेकरू तापानं फणफणून राह्यलं, दे. आणि लोकाईले बरं बी वाटलं असन, कोण जाणे. आशीर्वाद दिले मायले. मी परत आलो त रंजीता हसत सांगते, धन्या, माय आता गावची डॉक्टरीण झाली.

मले तवाच — मले काय तवा समजलं? मी बी हसलो. ती चांगली दिसत होती. आठ दिवसानं गेली.

आणि त्या पहाटे, झाडाखाली तिले घाम सुटला, मी गाडी आणायले गेलो, तवा माय घराकडं धावली. गोळी आणायले. डबा रिकामा. मंग माय घरोघर गेली, माहीत हाये, उघड्या डोक्यानं, ज्याईले वाटल्या होत्या त्याईच्या दारात, एक परत दे वो, एकच परत दे, माझ्या पोरीले चढलं. कलाबाईनं एक ठेवली होती कागदात. ती घेऊन माय धावत आली आणि माझ्या मोटरसायकलवर बसलेल्या रंजीताच्या तोंडात घातली, पाणी नोतं, तशीच. रंजीतानं गिळली. मायकडं पाहून गिळली.

तालुक्याच्या डॉक्टरनं तिचे कागद पाहिले आणि मले बाजूले घेऊन विचारलं, गोळ्या सुरू होत्या ना? मी हो म्हटलं. त्याले हो म्हटलं, गावाले हो म्हटलं, तुमाले हो म्हटलं. कोणाले माहीत नाई, बाई. मायले माहीत नाई. ती समजते ताप होता, उशीर झाला, रक्त नोतं अंगात म्हणून गोळी लागली नाई. आता तुमी करिश्माचं रक्त न्यान. नळीत तेच निघन — मले माहीत हाये काय निघन. मंग तीच गोळी द्यान. माय विचारन, हिले कुठी ताप हाये? आणि तुमी समजावून सांगान. तुमी लोक समजावताच, चांगलं समजावता, राखणदार, चरबी, सगळं. आणि माय येडी नाई. ती डब्याकडं पाहीन. एक एक घर आठवन तिले. कोणाले किती दिल्या ते सगळं आठवन. मंग सांगा, मी एकीले वाचवायले दुसरीले मारू का? तुमच्या पेटीत त्याची गोळी हाये का?

... वाचन का ती तरी? पक्कं सांगा. करिश्मा वाचन असं लिहून द्या, मी मायले सांगतो, आता सांगतो, तिच्या पायाजवळ बसून सांगतो. द्या लिहून.

नाई ना देत.

खूप जण चांगले राहते गोळीवर, म्हणता. म्हातारे होते. असन. रंजीता बी चांगली होती. मले हे खूप जण दाखवू नका बाई, मले एकच बहीण उरली हाये, खूप जणात ती बसन का बाहेर राहीन ते तुमाले बी माहीत नाई. ... मायले न सांगता? चोरून? शाळेतून? — शाळा उघडायले दीड महिना हाये. आणि गोळी ठेवन कुठी ती, वसतिगृहात? कोणी विचारलं कायची, त काय सांगन? ... नाई. माझं डोकं चालत नाई आता. मी काई हो म्हटलं नाई, ध्यानात ठेवा. मी नाईच म्हटलं.

थांबा. कुत्रे भुंकले. — आल्या. इतक्या लवकर कशा आल्या? उठा बाई, पेटी घ्या, पदराखाली — ओढणीखाली घ्या. डोळे पुसा. पाहू नका तिकडं असं. माय पुढं हाये, मागून ती, डोक्यावर भारा, तोंडाले दुपट्टा बांधलेली. बांधते ती, उन्हाचा. सगळ्याच पोरी बांधते.

ए माय, कोणी नाई वो. लसीवाल्या बाई हाये, लहान लेकरं कुठी कुठी हाये विचारून राह्यल्या. नाई, रक्ताच्या नाई. नाई म्हणतो ना. ते वेगळे, ह्या वेगळ्या. तू बस, सावलीत बस, पाणी आणतो. करिश्मा, तू आत जा. भारा मी उतरवतो, सोड. दुपट्टा नको काढू इथी, आत जाऊन काढ. काय पाहून राह्यली बाईकडं? तुले ओळखत नाई त्या. तू बी ओळखत नाई. आत जा म्हणलो ना.

बाई, आमच्या घरी लहान लेकरू नाई. समोरच्या घरी विचारा. जा.